झेनच्या बॉनेटखाली थोडी नटवानटवी

माझी २००२ ची मारुती झेन पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीच्या नूतनीकरणातूनही सुखरूप पार पडली. पण बॉनेट उघडलं की आत सगळा पसारा: वायरींचे पुंजके, होज, तेलकट टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण). हल्लीच्या गाड्यांत हे सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकलेलं असतं. आमच्या ९९३ सीसीला ती चैन कुठली! म्हटलं, घरीच करू.

आधी खोक्याचा पुठ्ठा कापून फर्मा केला. खरी अडचण उंचीची. बॉनेट लावल्यावर आत किती जागा उरते ते दिसणार कसं? फर्म्यावर ठिकठिकाणी कणकेच्या गोळ्या ठेवल्या, बॉनेट लावलं, उघडलं आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी पट्टीने मोजली. (घरात यावरून बोलणी बसली, ती वेगळी.) शिवाय रेस दिली की इंजिन माउंटिंगवर हलतं, त्यामुळे त्याहून थोडी जास्तच मोकळीक ठेवली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "काय ओ, प्लॅस्टिकमध्ये करा की, स्वस्तात होतंय." पण साधं एबीएस प्लॅस्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि इंजिनातला धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पट तापतो. त्यात सोलापूरचा मे महिना. दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्राच घेतला आणि तोही मॅनिफोल्डच्या बराच अलीकडे थांबवला. बेल्ट, अॅक्सिलरेटरची केबल आणि ऑईलची डिपस्टिक मोकळी.

टॅपेट कव्हरच्या बोल्टांना मी हात लावला नाही. ते कमीजास्त आवळले गेले की पॅकिंगमधून ऑईल पाझरायला लागतं. दुसऱ्या ब्रॅकेटांच्या बोल्टांवर एल पट्ट्या बसवल्या, मध्ये ग्रोमेट म्हणजे रबरी कडी, वर लॉकनट. सगळे आधार मात्र इंजिनावरच हवेत. एक इंजिनावर आणि दुसरा बॉडीवर दिला तर पत्रा सारखा ओढला जाऊन भोकापाशी चिरतो.

नक्षी सोलापुरी चादरीवरून घेतली. पत्रा लाकडी फळीवर ठेवून पंचने ठिपक्या-ठिपक्यांनी चौकटी उठवल्या, वरून सायलेन्सरला मारतात तो काळा रंग फवारला आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने हलकेच घासला. उंच भागावरचा रंग गेला, ठिपक्यांतला राहिला. साधा स्प्रे तिथे टिकत नाही, उष्णतेने पापुद्रे निघतात.

मेकॅनिकमामांनी नक्षीकडे बघितलंसुद्धा नाही. "सर्व्हिसिंगला काढायला किती वेळ?" एवढंच विचारलं. दोन नट, म्हटल्यावर मान हलवली.

बॅटरीवरचं झाकण अॅक्रिलिकचं केलं. पत्रा टर्मिनलला टेकला तर शॉर्ट व्हायचा. कूलंटची बाटली तशीच उघडी ठेवली आहे, लेव्हल रोज बघावी लागते.