पन्नास ग्रॅमचं माप

बडोदं सपाट आहे. उतार म्हणून दाखवायचे ते उड्डाणपूल, आणि तिथे मुलांना गाड्या सोडू देईन इतका बेजबाबदार मामा मी नाही. त्यामुळे मे महिन्यात पुण्याहून भाचा-भाची आली आणि हाताने केलेल्या छोट्या लाकडी गाड्या उतारावरून सोडायच्या शर्यतीचा बेत ठरला, तेव्हा उतार विकतच आणावा लागला. आठ बाय चारचं पातळ प्लायवूड घेतलं आणि लातीतच (वखारीला इथे लाती म्हणतात) त्याच्या फूट-फूट रुंदीच्या चार पट्ट्या कापून घेतल्या. एकापुढे एक लावल्या की ३२ फूट. पहिलीचं टोक अगाशीवरच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकवलं, साधारण चार फूट उंच. बाकीच्या तीन जमिनीवर आडव्या. सांध्यावर गाडी आपटू नये म्हणून खाली जुन्या गोधडीची घडी सरकवली, मधोमध एक बारीक लाकडी पट्टी खिळली. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून गाडी धावते, भरकटत नाही.

पाइनवुड डर्बी नावाचा हा खेळ मूळचा अमेरिकेतला. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावी डॉन मर्फी नावाच्या गृहस्थाने तो मुलांच्या स्काउट गटासाठी काढला. मुलं स्वतः आत बसून उतारावरून येतात त्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीसाठी त्याचा मुलगा लहान होता, म्हणून बापाने गाडीच लहान केली. पाइनचा ठोकळा, चार चाकं, आस म्हणून चार खिळे आणि वजन पाच औंसांच्या आत. इंजिन नाही, चावी नाही, ढकलणंसुद्धा नाही. गाडी अडवून धरणारी खुंटी खाली झाली की गाडी सुटली, तीनेक सेकंदांत निकाल. पहिली शर्यत १५ मेला झाली होती. म्हणजे ऐन सुट्टीतच, असं भाचीने बजावलं. तिकडे मेमध्ये शाळा चालू असते हे मी तिला सांगितलं नाही.

लाकूड पॅकिंगच्या खोक्याचं, फुकट. हत्यारं आजोबांची. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात ते शिकले होते, आणि त्यांचा रंधा आमच्याकडे देव्हाऱ्यातल्या टाकांच्या खालोखाल मानाचा. भाच्याने त्या रंध्याने ठोकळ्याची पाचर केली, पुढून निमुळती, बाणासारखी. भाचीने ठोकळा ठोकळाच ठेवला आणि त्यावर पोपटी रंग फासला. मी तिला म्हटलं, "अगं, निदान कडा तरी मार." ती म्हणाली, "मामा, तू तुझी कर."

हो, माझीही होती. लपवण्यात अर्थ नाही.

पाच औंस म्हणजे १४१.७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढं बारीक कळेना, म्हणून तिन्ही गाड्या पिशवीत घालून घडियाळी पोळात ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने माझी गाडी उलटीपालटी करून विचारलं, "आमां सोनुं क्यां छे?" सोनं नव्हतंच, वजनही नव्हतं. लाकूड हलकं, प्रत्येक गाडी साठ ग्रॅम कमी भरली. आठवीतल्या भाच्याला गॅलिलिओ ठाऊक. जड-हलकं सारख्याच वेगाने पडतं, मग वजन कशाला? पण हवेचा अडथळा आणि चाकं गरगरवण्यात जाणारी शक्ती गाडीचं वजन वाढलं म्हणून वाढत नाही. जड गाडीला ते जाच कमी जाणवतात. म्हणून सगळे काठोकाठ भरतात.

भरायचं कुठे, ही खरी मेख. मागे. उतारावर उभ्या गाडीचं मागचं टोक पुढच्यापेक्षा उंच असतं. आमचा उतार ३० अंशांचा, म्हणजे दोन इंच मागे सरकवलेलं वजन एक इंच जास्त उंचावरून खाली येतं. त्या एका इंचासाठी मी आईच्या जुन्या तराजूतलं ५० ग्रॅमचं पितळी माप उचललं आणि भाचीच्या गाडीत मागच्या चाकांच्या जरा पुढे पटाशीने खळगा करून बसवलं. अगदी टोकाला बसवलं तर गाडी नाक उचलते आणि लडबडते. शिसं स्वस्त पडलं असतं, पण मुलांच्या हातात शिसं द्यायचं नाही. उरलेली भर नटबोल्टांनी झाली.

चाकांत मी शिवणयंत्राचं तेल घातलं आणि तिथे फसलो. अगाशीवरची सगळी धूळ तेलाला चिकटून तासाभरात चाकं पेंगायला लागली. सगळं पुसून काढलं. खिळे ड्रिलमध्ये धरून आधी चारशे, मग हजार नंबरच्या पॉलिशपेपरने आरशासारखे केले. मुलांनी सिक्स-बी पेन्सिली घासून घासून ग्राफाइटची पूड पाडली. ती कोरडी, धुळीशी तिचं सख्य नाही. दोन दिवस दोघांची नाकं काळी होती.

ऊन उतरल्यावर शर्यत. पाचर गेली, माझी गेली, आणि त्यांच्याहून कमी वेळात तो पोपटी ठोकळा. पाचही वेळा.

मी गुडघ्यांवर बसून बघितलं. भाचीने पुढच्या डाव्या खिळ्याचं भोक वर पाडलं होतं, ते चाक जमिनीला टेकतच नव्हतं. मी कानस आणायला उठणार, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. या खेळातले मुरलेले लोक मुद्दाम हेच करतात. एक चाक अधांतरी ठेवलं की ते फिरवायला शक्ती लागत नाही. मी हे सगळं रंगवून सांगत होतो. आई वाळवणाची ताटं आत नेताना थांबून म्हणाली, "त्यात काय नवल? पांगुळगाड्याला तीनच चाकं असतात. तू त्यावरून उंबऱ्यावर जाऊन आपटला होतास." माझा पांगुळगाडा बडोद्याजवळच्या संखेडा गावचा होता, लाखेच्या लाल-सोनेरी रंगाचा. वेगाचं मला काही आठवत नाही, कपाळावर खूण आहे.

त्या रात्री अकरा वाजता भाचा उशाशी ड्रिल घेऊन आला. "मामा, माझंही एक चाक वर उचलून दे ना." दिलं. मग माझ्याही गाडीचं उचललं.

मुलं जूनमध्ये पुण्याला गेली, गाड्याही गेल्या. आईचा फोन लागला की ती आधी भाचीची खुशाली विचारते, मग मापाची. पोपटी रंगाखालून ते काढायला भाची तयार नाही. पावशेराच्या वरची मेथी आई सध्या अंदाजाने मोजते आणि अंदाज चुकला की माझ्याकडे बघते.