खुर्चीवरून दिसलेलं टेबल : वर्षभराच्या नोंदी

गेल्या वर्षीच्या सगळ्या सणांच्या टेबलांचे फोटो एकदा ओळीने लावून बघितले. एकही फोटो बसून काढलेला नव्हता. सगळे उभं राहून, दोन-तीन तर चक्क स्टुलावर चढून. जेवायला येणारा माणूस मात्र टेबलाकडे उभ्याने फार तर अर्धं मिनिट बघतो, पुढचे दोन तास तो बसलेला असतो. म्हणजे वर्षभर मी त्या अर्ध्या मिनिटासाठी राबत होते.

म्हणून या वर्षी एकच नियम केला. मांडून झालं की प्रत्येक खुर्चीवर बसायचं आणि तिथून एक फोटो काढायचा. टेबल तेच जुनं, १८० बाय ९० सेंटीमीटरचं. एका माणसाला ६० सेंटीमीटर रुंदी धरली की लांब बाजूंना तीन-तीन आणि डोक्याला एकेक, असे आठ जण मावतात. आठ खुर्च्या, आठ वेळा बसणं. घरच्यांना हे वेड वाटतं. वाटू दे.

नववर्ष

उंच काचेच्या बरणीत वाळक्या फांद्या, मधे पांढरी फुलं, सगळं मिळून ४८ सेंटीमीटर. आठही खुर्च्यांवर बसले, आठही फोटो झकास आले. पाहुणे बसल्यावर पाचच मिनिटांत धाकटा दीर मान वाकडी करून म्हणाला, "वहिनी, पलीकडे कोणी बसलंय का?"

चूक कुठे झाली ते तिथेच कळलं. मी एकटी बसून बघत होते तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची झाकली गेली तर कुणाला खटकणार? बरणी उचलून कपाटावर ठेवली आणि मगच गप्पांना रंग चढला. दोन दिवसांची मेहनत कपाटावर बसून आमच्याकडे बघत होती.

तेव्हापासून टेप न घेता मोजायची सवय लावली आहे. कोपर टेबलावर टेकवायचं, हात सरळ उभा धरायचा. मधल्या सजावटीने मनगटाच्या वर जायचं नाही. माझ्या हाताने ते साधारण २७ सेंटीमीटर भरतं. उंचीची हौसच असेल तर सरळ ६० च्या पुढे जायचं, पण बारीक दांड्यावर, म्हणजे फुलं डोक्यांच्या वर राहतात आणि खालून माणसं दिसतात. मधलं, ३० ते ६० मधलं काहीही माझ्या टेबलावर बाद.

वसंत

या वेळी फुलांनीच शिकवलं. ट्यूलिप आदल्या संध्याकाळी नीट मापात कापून बुटक्या ग्लासांत लावले होते. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे दोन-तीन सेंटीमीटरने उंच आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो, हे वाचलं होतं. पण एका रात्रीत इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. डाव्या बाजूच्या तिघांना फुलं, उजव्या बाजूच्या तिघांना फक्त देठ. आता ट्यूलिप मुद्दाम आखूड कापते आणि ग्लास रात्रभर अंधाऱ्या खोलीत ठेवते.

डॅफोडिल त्यांच्यासोबत लगेच घालू नका. त्याच्या कापलेल्या देठातून चिकट रस निघतो आणि त्याच पाण्यातली बाकीची फुलं लवकर माना टाकतात. वेगळ्या पाण्यात काही तास ठेवून मग एकत्र लावायचे, आणि लावताना देठ पुन्हा कापायचा नाही. कापलात की रस परत सुरू. जरबेराला पाणी कमीच बरं, तीन-चार बोटं. देठ बुडवून ठेवला की तो खालून कुजतो.

लिली मी आता टेबलावर आणतच नाही. एक तर वास इतका घमघमतो की जेवणाचा वासच लागत नाही. दुसरं म्हणजे पराग. पांढऱ्या कापडावर पडला आणि घाईने ओल्या फडक्याने पुसायला गेलात की कापड कायमचं केशरी झालं समजा. हात लावायचा नाही, चिकटपट्टीने अलगद टिपून घ्यायचा. लावायचीच असेल तर फूल उमलताच आतले पराग असलेले तुरे चिमटीने काढून टाकावेत. आणि घरात मांजर असेल तर लिली नकोच. मांजराला ती विषारी असते, अंगावर पडलेला पराग चाटला तरी.

फुलं रोवायचा तो हिरवा स्पंज १९५४ पासून मिळतोय आणि काम सोपं करतो यात वाद नाही. पण तो प्लास्टिकच आहे, चुरा होऊन मोरीत जातो. मी या वर्षी तो सोडला. त्याऐवजी वाडग्यात तारेची जाळी चुरगळून बसवते, नाहीतर केन्झान, म्हणजे इकेबाना या जपानी पुष्परचनेत वापरतात तो खिळ्यांचा जड तळ. पहिल्या दिवशी बोटं टोचून घेतली. आता जमतंय.

सुगी

या टेबलाला मी सुगीचं म्हणते. वाळलेलं गवत, कणसं, मातकट रंग. दिसायला माझं या वर्षातलं सगळ्यात लाडकं, आणि हिशेबात सगळ्यात फसलेलं.

नवा रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीने अंथरायची कापडी पट्टी, २३ सेंटीमीटर रुंद घेतला. घेताना कुठे मोजलं होतं? बसून बघितल्यावर मोजलं. प्लेट काठापासून अडीच सेंटीमीटर आत, प्लेट २७, तिच्यापुढे ग्लासाला ८. एका बाजूचे झाले साडेसदतीस. दोन्ही बाजूंचे ७५. नव्वदातून उरले १५. म्हणजे प्रत्येक ग्लास अर्धा रनरवर आणि अर्धा खाली. त्यात रनरची कड दुहेरी दुमडून शिवलेली, तिच्या जाडीवर ग्लास डुगडुगत होते. आठातले दोन सांडले. पाणीच होतं, नशीब. आता रनर अंथरायचा तर ग्लास पूर्ण त्याच्यावर बसतील इतका रुंद, नाहीतर १५ चीच पट्टी.

टेबलक्लॉथही तेव्हाच शिवला होता. दोन्हीकडे २० सेंटीमीटर लोंबावं म्हणून २२० बाय १३०. पहिल्या धुण्यात लांबी २११ झाली. सुती कापड आटतं हे मला शाळेपासून माहीत आहे. माहीत असणं आणि कापण्याआधी कापड भिजत घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गवत गळतं. हेअरस्प्रे मारला की गळणं थांबतं, पण तो भुरकन पेटणारा असतो आणि वाळलेलं गवत तर आधीच काडीची वाट बघत असतं. त्या टेबलावर मेणबत्ती एकही ठेवली नाही. उजेडासाठी तारेवरचे बारीक एलईडी दिवे.

दिव्यांचं टेबल

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि लिहायलाही यावरच जास्त आहे.

रंग सकाळी ठरवले, खिडकीतल्या उजेडात. जांभळा रनर, गडद हिरवी पानं, निळे ग्लास. राजेशाही दिसत होतं. संध्याकाळी मोठा दिवा घालवून मेणबत्त्या लावल्या, पहिल्या खुर्चीवर बसले आणि समोर चिखल. जांभळा तपकिरी झाला होता, हिरवी पानं काळी, निळे ग्लास नुसतेच अंधारलेले. कारण साधं आहे. ज्योतीच्या उजेडात लाल-पिवळा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा. जो रंग उजेडातच नाही तो कापड परत कुठून पाठवणार? आयत्या वेळी कपाटातून सुगीचा मातकट रनर काढला, पांढऱ्या प्लेट आणि पितळेचे छोटे वाडगे मांडले, आणि टेबल पेटल्यासारखं झालं. पांढरा, सोनेरी, लाल, केशरी हे रंग ज्योतीसमोर खुलतात. निळ्या-जांभळ्याची हौस दुपारच्या जेवणाला भागवावी. तेव्हापासून कापडं मी रात्रीच निवडते, ज्या उजेडात जेवणार त्याच उजेडात. दिव्याने भागवायचं असेल तर २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर बल्ब त्यातल्या त्यात जवळचा.

मग मेणबत्त्या. पाकिटावर ठसठशीत लिहिलं होतं की ठिबकत नाहीत. पंखा फिरत नसेल तर कदाचित नसतील. वाऱ्याने ज्योत एका बाजूला कलते, त्या बाजूची मेणाची भिंत आधी वितळते आणि वातीभोवती साठलेलं सगळं मेण तिथूनच बाहेर ओघळतं. पंखा बंद केला तर पाहुणे ओघळतात. शेवटी सहाही उंच मेणबत्त्या काढल्या आणि सरळ उभ्या काचेच्या ग्लासांत चहादिवे, म्हणजे पत्र्याच्या छोट्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्त्या, ठेवले, काठ ज्योतीच्या बराच वर येईल असे. चहादिवा साधारण चार तास चालतो, जेवणाला पुरून उरतो. आणखी एक फायदा बसल्यावर कळला: ज्योत खाली असली की चेहऱ्यांवर उजेड पडतो, पण डोळ्यांत जात नाही. उंच मेणबत्तीची ज्योत नेमकी डोळ्यांच्या रेषेत येते.

उंच मेणबत्त्या लावायच्याच तर वात आधी सहा मिलिमीटरपर्यंत कापून घ्यावी, नाहीतर काजळी धरते. वासाची मेणबत्ती जेवणाच्या टेबलावर नको, यावर मी कुणाचंही ऐकणार नाही.

सांडलेलं मेण काढायचं तर थंड होऊ द्यावं, वर बर्फ धरावा, बोथट सुरीने कपची उडवावी. राहिलेल्या डागाच्या खालीवर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, कागद मेण पिऊन घेतो. पांढऱ्या मेणाला हे पुरलं. लाल मेणाचा रंग मात्र अजून कापडावर आहे. त्यावर आता प्लेट ठेवते.

वर्षअखेर

या वेळी जाणूनबुजून कमी. मधल्या पंधरा सेंटीमीटरच्या पट्टीत हिरव्या डहाळ्या, पाच चहादिवे, बस. वाढायची भांडी शेजारच्या छोट्या टेबलावर, कारण दर वेळी गरम भांडं आलं की सजावट उचलून कोपऱ्यात ठेवायची हे मला झेपेनासं झालंय. नॅपकिन ५० सेंटीमीटरचे, सुती, ओलसर असतानाच इस्त्री केलेले, साधी तिपदरी घडी. हंस आणि कमळं करून झाली. कमळ उलगडायला कुणी धजत नाही आणि लोक हात रुमालाला पुसतात.

आतापर्यंत मी खुर्चीवर टेकत होते, फोटो काढत होते आणि उठत होते. या वेळी नावांच्या चिठ्ठ्या लिहायच्या होत्या, म्हणून ज्याच्या खुर्चीवर बसले त्याची चिठ्ठी तिथेच लिहिली, खुर्ची जेवायला ओढतात तशी आत ओढून. सहाव्या खुर्चीवर गुडघा खाडकन टेबलाच्या पायावर आपटला. ही जागा सासूबाईंची. टेबल घरात आलं तेव्हापासून त्या तिथेच बसतात.

"आई, तुम्हाला हा पाय लागत नाही?"

"लागतो की. मी जरा तिरकी बसते. तुझी फुलं बघायला तिरकंच बरं पडतं."

त्यांची प्लेट, ग्लास, चिठ्ठी आणि खुर्ची सगळं आठ सेंटीमीटर मधल्या खुर्चीकडे सरकवलं. गुडघा सुटला. आता त्यांचं कोपर मधल्या खुर्चीवरच्या दिराला लागतंय.