भिंतीवरच्या तीन फ्रेमा

दसऱ्याच्या आधी गॅरेजला रंग काढला, तेव्हा काउंटरमागच्या, संघटनांच्या सर्टिफिकेटांच्या तीन फ्रेमा खाली उतरवल्या. मागे पालीची अंडी आणि दोन ओरिंग सापडले. पोरगा म्हणाला, "पप्पा, ह्या परत लावायच्या का? दरवर्षी पैसे भरता, मिळतं काय?"

लगेच उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं गॅरेज नाशिकला, वडाळा नाक्याजवळ. काम एकच, गिअरबॉक्स. पूर्वी यायच्या त्या जीपा आणि पिकअप. पिंपळगाव-लासलगाव करणाऱ्या, द्राक्षाचे क्रेट नाहीतर कांदा दीडपट भरलेल्या. दुसरा गिअर सुटतोय, बेअरिंग वाजतंय, सिंक्रो गेला. नाक्यावरून गाडी वळली की आवाजावरून दुखणं कळायचं. त्या काळात संघटना कशाला लागते? उस्ताद होता, चहाची टपरी होती, बास.

मग ऑटोमॅटिक आल्या. 2014 साली मारुतीची सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा बॉक्स, घेऊन आली आणि मध्यमवर्गाने क्लच सोडला. मागोमाग सीव्हीटी, डीसीटी, ह्या ऑटोमॅटिकच्याच दुसऱ्या जाती. आता बॉक्स वाजतच नाही, नुसता डॅशबोर्डवर दिवा लागतो. 2016 मध्ये माझ्याकडे पहिली सीव्हीटी आली. मी ऑइल काढलं आणि शेल्फवरचं चांगल्यापैकी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल, भरून दिलं. ऑटोमॅटिक ती ऑटोमॅटिक, असं वाटलं. सीव्हीटीत दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो, तो पकडीवर चालतो. ऑइलने वंगणही द्यायचं आणि पकडही सुटू द्यायची नाही, म्हणून तिचं ऑइल वेगळं. हे मला गाडी घसरत परत आली तेव्हा कळलं. पुल्यांवर चरे पडले होते. सगळा खर्च खिशातून. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

त्यानंतर मेंबरशिप घेत सुटलो. बुडत्याला काडी.

पहिली फ्रेम सगळ्यात मोठी, सोनेरी. एका बाईंचा फोन आला, "सर, आपली निवड झाली आहे." निवड कोणी केली ते विचारलं नाही. पैसे भरले, हॉटेलात शाल मिळाली, फोटो निघाला. त्या संस्थेतल्या एकालाही ऑटोमॅटिक बॉक्समधली व्हॉल्व्ह बॉडी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. ही फ्रेम आता माळ्यावर. गंमत म्हणजे गिऱ्हाईक हीच फ्रेम बघून खूश व्हायचं.

दुसरी आपल्या गावातल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेची. (निमा, आयमा वेगळ्या, त्या कारखानदारांच्या. आपण दुरुस्तीवाले.) मीटिंगला निम्मा वेळ कुरबुरीत जातो, पण एक काम त्यांनी जन्माचं केलं. काढलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, 2016 च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं. एकट्या गॅरेजचं अर्धं बॅरल न्यायला गाडी कोण पाठवणार? आता वीस-पंचवीस गॅरेजचे ड्रम एकाच दिवशी उचलतात, कागदही मिळतो. एवढ्यासाठी मी वर्गणी डोळे झाकून भरतो.

तिसरी फ्रेम छोटी, काचेला तडा गेलेला. राज्यभरातले ऑटोमॅटिकचं काम करणारे मिस्त्री, वर्षातून दोनदा ट्रेनिंग. पुण्याच्या एका वर्गात कोल्हापूरचा एक जण शेजारी बसला होता. जेवताना त्याने माझ्या सीव्हीटीची कहाणी ऐकली आणि म्हणाला, "भावा, मी दोन घालवल्यात." दोस्ती तिथेच झाली.

गेल्या वर्षी निफाडचे एक बागायतदार कुटुंबाला घेऊन जोतिबाला गेले. बॉक्स मी केलेला, सहा महिन्यांची वॉरंटी माझ्या सहीची. रात्री फोन, "शेठ, गाडी तिसऱ्यातच अडकली, घाटात आहे." नाशिकहून मी काय करणार? कोल्हापूरच्या भावाला फोन लावला. तो स्कॅनर घेऊन गेला. सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा, कनेक्टर नीट बसला नव्हता. चूक माझ्याच हाताची. क्लिप बसवली, बिघाडाचा कोड पुसला, टेस्ट मारली. पैसे घेईना, शेवटी बळेच 800 रुपये पाठवले.

हेच अमेरिकेत नियमात बसवलंय. तिथे 'आत्रा' म्हणून ट्रान्समिशन दुरुस्तीवाल्यांची संघटना आहे, 1954 पासूनची. तिच्या मेंबरची 'गोल्डन रूल' वॉरंटी असली आणि गाडी दुसऱ्या गावी बिघडली, तर तिथला मेंबर काम करून देतो. शिवाय कारागिराची परीक्षा वेगळी. एएसई ही संस्था 1972 ची, ती सर्टिफिकेट दुकानाला नाही, माणसाला देते आणि ते टिकवायला दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा. आपल्याकडे फ्रेम एकदा लागली की मालक वारला तरी लटकलेली.

आपण एकत्र नसलो की काय होतं, याचं मला टोचणारं उदाहरण सांगतो. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची अवजारं मोकळेपणाने मिळत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, तो भाग वेगळा. पण आयोगाकडे मूळ तक्रार कोणी केली? एका एकट्या माणसाने. आम्ही गॅरेजवाले तेव्हा काउंटरवर बसून कंपन्यांना शिव्या देत होतो.

तर मागच्या मीटिंगला मी उभा राहिलो. म्हटलं, सगळ्यांचं एकच जॉबकार्ड करू. बॉक्समध्ये काय बदललं, ऑइल कुठलं, किती लिटर, किती किलोमीटरला. गाडी मालेगावला बंद पडली तर तिथल्या मिस्त्रीला वाचता आलं पाहिजे. आणि वॉरंटीच्या कामाचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, तेही लिहून ठेवू. कोल्हापूरवाला चांगला निघाला, प्रत्येक जण निघेल असं नाही.

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक काका म्हणाले, "म्हणजे माझं गिऱ्हाईक दुसऱ्याला माझं काम दाखवणार?" तिथे गाडी अडकली. मग गणपतीच्या बॅनरवर कोणाचे फोटो घ्यायचे, हा विषय निघाला आणि तो पाऊण तास चालला.

कार्डाचा नमुना मी तरी छापून आणलाय, शंभराचं पुस्तक. छोट्या फ्रेमेची काच बदलायला टाकली आहे. वर्गणीची पावती पोराच्या नावाने फाडली, पुढच्या ट्रेनिंगला तो जाईल.