मिरज ते तंजावर : आमची वाटचाल

आमची सहलींची कंपनी म्हणजे मी, माझी बायको आणि बुकिंगचे फोन सांभाळणारा मावसभाऊ, बस्स. ऑफिस मिरजेत, दीड खोलीचं. 2012 ला सुरू केलं तेव्हा सगळे करतात तेच केलं, दक्षिण भारत दर्शन, बारा दिवस, मदुराई रामेश्वर कन्याकुमारी म्हैसूर उटी आणि मध्ये कुठंतरी तंजावर, अडीच तास. त्या अडीच तासांनीच आमचा धंदा बदलला.

पहिल्याच ट्रिपला बस तंजावरला पोचली सव्वाबाराला. बृहदीश्वराच्या देवळातलं दर्शन साडेबाराला बंद होतं ते चारला उघडतं, हे मी आधी विचारलंच नव्हतं. मे महिना, चपला बाहेर ठेवायच्या, आणि आतली फरशी अशी तापलेली की एका काकूंच्या तळपायाला फोड आले. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढचं हॉटेल बुक होतं त्यामुळं चारपर्यंत थांबताही येईना. लोकांना सावलीत, कडेच्या ओवरीत बसवलं, आणि तिथं तासगावच्या एक रिटायर्ड शाळामास्तरीण आजी होत्या, त्या भिंतीवर बोट फिरवत काहीतरी वाचायला लागल्या. मराठी! दगडात कोरलेली, ओळीमागून ओळ, भिंतभर. ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि आजी हलायला तयार नाहीत. मला म्हणाल्या, अरे, आपली माणसं इथं कशी आली ते तरी सांग. मला सांगता आलं नाही.

तो सीझन संपल्यावर मी एकटाच परत गेलो, आठ दिवस राहिलो. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास तिथं गादी स्थापन केली आणि भोसल्यांचं राज्य 1855 पर्यंत चाललं हे तेव्हा नीट समजून घेतलं. आजी वाचत होत्या तो लेख दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. आणि ज्या देवळाच्या भिंतीवर तो आहे ते देऊळ राजराज चोळानं 1010 साली पूर्ण केलेलं, म्हणजे लेख कोरला तेव्हाच ते जवळजवळ आठशे वर्षांचं झालेलं होतं! 216 फुटांचं ग्रॅनाइटचं शिखर, संध्याकाळी ऊन उतरताना त्याचा रंग मधासारखा होतो, तो बघायला तिथं संध्याकाळीच असावं लागतं.

म्हणून ठरवलं, बारा दिवसांची ट्रिप बंद, एकच गाव, पाच रात्री, सोळा माणसं, फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घरचे म्हणाले कोण येणार. पहिल्या बॅचला सात जण आले, पैसे खिशातून गेले, बायकोनं तिच्या बांगड्या ठेवल्या हे मी कधी विसरणार नाही.

आता देवळात सकाळी सहाला जातो आणि परत संध्याकाळी. एक पूर्ण दिवस राजवाड्याचा. तिथल्या कलादालनात चोळकालीन ब्राँझची एक शिवमूर्ती आहे, वृषवाहन, डोक्यावर सापांच्याच वेटोळ्यांचं पागोटं आणि एक हात नंदीवर टेकवलेला, पण नंदी आता नाहीय, हात नुसता हवेत आणि तरी त्या हाताखाली नंदी असल्यासारखंच वाटतं. शेजारी सरस्वती महाल ग्रंथालय, तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं, शिवाय मोडीचे दप्तर. राजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतीसुद्धा मराठीत लिहून ठेवल्यात.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी इडलीबरोबर कडप्पा, बटाटा आणि मुगाच्या डाळीचा, कुंभकोणमची डिग्री कॉफी डबरा-टंबलरमध्ये म्हणजे पसरट वाटी-पेल्यात, आणि तिरुवैयारूला मुगाच्या डाळीचा अशोका हलवा, गरम, पानावर. सांबार संभाजीराजांवरून आलं असं तिथं हमखास सांगतात, आम्ही ती गोष्ट म्हणूनच सांगतो, पुरावा म्हणून नाही. एका तंजावरी मराठी कुटुंबात जेवायला नेतो, तिथं डांगर पचडी वाढली की आपल्याकडच्या बायका लगेच ओळखतात, अगं हे तर आपलं डांगर!

हस्तकलेचं मात्र शिकायला वेळ लागला. सुरुवातीला एका शोरूमवाल्यानं मला कमिशन देऊ केलं आणि खरं सांगतो मी दोनदा घेतलंही. नंतर एका प्रवाशानं तिथून घेतलेल्या, सोन्याचा वर्ख लावलेल्या तंजावर चित्राचं सोनं वर्षभरात काळं पडलं. मी त्यांचे पैसे परत दिले, त्या दिवसापासून कमिशन बंद. आता थेट चित्रकाराच्या घरी जातो. फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूची पूड आणि डिंकाचा लेप, दागिन्यांच्या जागा त्याच लगद्यानं उठावदार करतात, खडे बसवतात, मग 22 कॅरेटचा वर्ख, आणि रंग सगळ्यात शेवटी. घ्यायचंच असेल तर सोन्याचा कॅरेट बिलावर लिहून घ्या, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

कोरोनात दोन सीझन बुडाले, मावसभावानं मेडिकलमध्ये काम केलं, मी गाडी चालवली. परत सुरू केलं तेव्हा पहिला फोन त्या फोड आलेल्या काकूंचा आला.

गेल्या वर्षी आमच्या मिरजेतले एक सतारमेकर काका सोबत आले. आपल्याकडं सतारीला पंढरपूरकडचा भोपळा, तिकडं वीणा फणसाच्या लाकडाची. वीणा बनवणाऱ्यांना हिंदी येत नव्हतं, काकांना तमिळ नाही. काकांनी वीणा मांडीवर घेतली, बोटाच्या पेरानं तुंब्यावर टकटक केलं, कान लावला. मग पडद्यांवर, म्हणजे तारांखालच्या आडव्या पट्ट्यांवर अडले, कारण सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात, आणि इथं चोवीस पडदे काळ्या मेणात पक्के बसवलेले. त्या कारागिरांनी मेण गरम करून एक पडदा काढला, काकांच्या हातात दिला आणि परत बसवायला लावला. दीड तास दोघं त्यातच, बाकीचे पंधरा जण गप्प बसून बघतायत, दुपारचं जेवण तीनला झालं आणि कुणी तक्रार केली नाही.

या जानेवारीच्या बॅचला काका परत येतायत, मुलाला घेऊन. एक सतारीचा पडदा आणि दोरा पिशवीत भरून ठेवलाय म्हणाले.