बाळूदादा भाकरी कुस्करतात

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, उसाच्या फडाला लागून एक दुमजली घर आहे. प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचं निवासी गृह. राहणारे १४ जण. सगळ्यात धाकटा २३ वर्षांचा, सगळ्यात थोरल्या बाई ६१च्या. मी विशेष शिक्षिका, म्हणून तपासणी पथकात तज्ज्ञ सदस्य. सोबत समाजकल्याणचे एक अधिकारी आणि एक डॉक्टर होते. फेब्रुवारी होता, शेजारी ऊसतोड चालू होती.

कागद चोख होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर, हजेरीपट पूर्ण, आहार तक्ता लावलेला, अग्निशामक सिलिंडरची मुदत शिल्लक. संचालकांचा स्वतःचा मुलगा इथेच राहतो. अशी कितीतरी घरं पालकांनीच उभी केली आहेत, ‘आपल्या माघारी याचं कसं होणार’ या धास्तीपोटी. त्यामुळे तिथे मी चुका पकडायला जात नाही. पण दैनंदिन नोंदवहीची पानं मात्र मी एक न एक वाचते.

त्यात बाळूदादांचं पान होतं. (नाव बदललं आहे.) वय ४४. बोलणं चार-पाच शब्दांचं. जूनपासून त्यांच्या पानावर तीच ओळ: ‘आक्रमक वर्तन. हात चावला. ताट फेकले.’ औषधांच्या वहीत त्याच काळात अर्ध्या गोळीची एक झाली होती, एकाच्या दोन. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी लावलेली, तारखा जुळणाऱ्या. अधिकाऱ्यांनी पान उलटलं. मीही उलटलं असतं, पण एक गोष्ट डोळ्यांत भरली: बहुतेक नोंदींची वेळ दुपारी साडेबारा नाहीतर रात्री आठ. जेवणाची वेळ.

मी पंगतीत जाऊन बसले. बाळूदादांना भिंतीकडेला वेगळं बसवलं होतं, ताट फेकतात म्हणून. गोळ्यांनी मान खाली गेलेली. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली चावून चावून कातडी जाड, काळपट झालेली. समोर भाकरी आणि वाटीभर दूध. त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात टाकला, बोटांनी दाबला, पार लगदा होईपर्यंत थांबले, मग डोकं डावीकडे कलवून तो घास गालात सरकवला. पाचव्या घासाला थबकले आणि उजव्या गालावर मुठीनं दोन गुद्दे मारले.

“मावशी, हे भाकरी अशीच खातात का?”

वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, “नाही हो बाई. बाळूला कडक भाकरी लागायची. शेंगाच्या चटणीसंगं कडाकडा फोडून खायचा. पावसाळ्यापासनं कुस्करतोय.”

“कुणाला सांगितलंत?”

“मला कोण इचारतंय? वही सर लिहितात.”

बोलता न येणाऱ्या माणसाचं वागणं एकाएकी बदललं, की आधी शरीर बघायचं. दात, कान, पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का, झोपेत फिट येऊन गेली का. मनाचा विचार त्यानंतर. हे मी दर वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकवते. आणि भेट पुस्तिकेत सप्टेंबरच्या पानावर माझी सही होती, ‘नोंदी अद्ययावत’ या शेऱ्याखाली. ते पान मी त्या दुपारी दोनदा उघडलं. तीन महिने त्यांची दाढ ठणकत होती तेव्हा, आणि मी वहीचं कौतुक करून गेले होते.

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. मावशी पुढे बसल्या आणि स्वतःचा आ वासला. डॉक्टरांनी मोबाइलची बॅटरी आधी मावशींच्या तोंडात धरली. मग बाळूदादांनी तोंड उघडलं. खालची उजवी शेवटून दुसरी दाढ पोकळ, नुसती कड उरलेली. शेजारची हिरडी सुजून पांढरी.

संचालक खुर्चीत बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी १४ फायली काढल्या आणि एकेक उघडून विचारत गेले, “यांचे दात कधी दाखवले?” एकाही फाईलमध्ये चिठ्ठी नव्हती. दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विमा योजनेची कार्डं होती, वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांची, प्लास्टिकच्या पाकिटात नवीकोरी. मुलाची फाईल त्यांनी सगळ्यांत शेवटी उघडली.

दंतवैद्यांकडे वेगळीच अडचण आली. संमतीची सही कुणाची? वयाची १८ वर्षं झाली की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व देते. बाळूदादांच्या आईनं ते घेतलं होतं. आई गेल्यावर पुढचा अर्ज कुणीच केला नव्हता. पुण्याहून भाऊ रात्रीच्या गाडीनं आले, अर्जावर सही केली आणि दवाखान्यात दादांच्या खाटेशी बसून राहिले. आधी अँटिबायोटिकचा कोर्स, मग दाढ काढली. गोळ्या एकदम थांबवता येत नाहीत, त्या मानसोपचारतज्ज्ञांनी बेताबेतानं उतरवायला घेतल्या.

अहवालात मी दोन गोष्टी लिहिल्या. सगळ्यांची दात, कान, डोळे आणि थायरॉइडची तपासणी, दर वर्षी. आणि नोंदवहीत एक जास्तीचा रकाना: ‘आज वेगळं काय दिसलं’. तो सरांनी भरायचा नाही. आंघोळ घालणाऱ्यांनी आणि जेवू घालणाऱ्यांनी भरायचा. लिहिता येत नसेल तर सांगून लिहवून घ्यायचा.

एप्रिलमध्ये पुन्हा गेले. बाळूदादा पंगतीत होते, मधोमध. दूध नको म्हणून वाटी सरकवत होते. मला पाहून त्यांनी तोंड उघडून रिकामी जागा दाखवली आणि मोठ्यांदा म्हणाले, “गेली!”

मी वही मागितली. रकान्यात मावशींचं अक्षर, मोठं, ओळ सोडून चढत गेलेलं. आदल्या दिवसाची नोंद होती: ‘मोठ्या बाई जिना उतरत नाय. दोन दिस जेवण वर. रुसली म्हणत्यात पण गुडगा धरती.’

डॉक्टर अजून चहा घेत होते. मी त्यांना हाक मारली आणि आम्ही वर गेलो.