पिल्लू आजच का देत नाही?

“खातंय, पळतंय, मग आजच नेतो की!” चार-पाच आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू बघायला आलेलं जवळजवळ प्रत्येक जण हे म्हणतं. मी ८ आठवडे होईपर्यंत देत नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात, कान तिसऱ्यात. तिथून साधारण १२-१४ आठवड्यांपर्यंत जे भेटेल ते त्याला आपलं वाटतं. १९६१ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पिल्लं आईसोबत कुंपणाआड वाढवली, माणसाचा संबंधच येऊ दिला नाही. १४ आठवडे तशीच राहिलेली पिल्लं पुढे माणसाला बघून रानातल्या जनावरासारखी बुजायची. सुरुवातीला कुतूहल भीतीच्या पुढे धावतं. पाचव्या आठवड्यानंतर भीती त्याला गाठायला लागते. माझी सगळी धावपळ भीती वरचढ व्हायच्या आतली.

मिक्सर आधी लांबच्या खोलीत लावायचा, मग जवळ. फरशी, चटई, गवत, खडी. उघडणारी छत्री. एकेकाला थोडा वेळ भावंडांपासून बाजूला नेणं. जोरात चावलं की खेळ थांबतो, हे मात्र भावंडंच शिकवतात, मला नाही जमत.

पाहुण्यांना एकच नियम: उचलायचं नाही, खाली बसायचं, पिल्लू आपणहून येईल. मोठ्यांना हे भयंकर जड जातं! या हातातून त्या हातात फिरून दबलेल्या पिल्लाला “किती शांत आहे” म्हणतात. शांत कसलं, घाबरून थिजलेलं असतं ते.

चूक माझीही झाली आहे. एका वेताच्या वेळी घरात आम्ही दोघी बहिणीच होतो, येणाऱ्याही मैत्रिणीच. त्यातलं सगळ्यात धीट पिल्लू नव्या घरी दाढीवाल्या आजोबांना बघून पलंगाखाली शिरलं, ते दोन दिवस बाहेर येईना. आता दाढीवाले, चष्मेवाले, काठी टेकत येणारे, सगळ्यांना आग्रहाने बोलावते.

उरलेलं काम तुमचं. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घरात कोंडून ठेवू नका. जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवा, रस्ता दाखवा.

आणि आज जाताना तुमच्या घरातलं एखादं जुनं, न धुतलेलं फडकं ठेवून जा. पिल्लांच्या अंथरुणात घालते, म्हणजे तुमच्या घराचा वास आधीच ओळखीचा होईल.