जेनकिन्स अपडेट: पब्लिक-की प्रकरण मिटलं, जवळपास

मंडळी, जेनकिन्सवरचा (कोड आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) बिल्ड हिरवा झाला! त्याचं मशीन डेबियन (लिनक्स) 11 वरून 12 वर गेल्यापासून ईएसपी32 या छोट्या वायफाय चिपच्या फर्मवेअरचे सगळे जॉब चेकआउटलाच, म्हणजे नासवरून (नेटवर्कवरची स्टोरेज पेटी) एसएसएच या सुरक्षित जोडणीने गिटमधला कोड आणतानाच, मरत होते, हे मागे लिहिलंच होतं.

डोकं फिरवणारी गोष्ट ही, की त्याच मशीनवर माझ्या यूजरने क्लोन बिनबोभाट व्हायचा. जेनकिन्समधून मात्र आधी 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' (सर्व्हरची ओळख पटली नाही), आणि ते निस्तरलं की 'परमिशन डिनाइड' (प्रवेश नाकारला).

होस्ट कीचं लवकर उलगडलं. जेनकिन्स यूजरच्या नोन-होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरांची यादी) नासची फक्त जुन्या प्रकारच्या कीची, एसएसएच-आरएसए नोंद होती. या जुन्या नासशी बोलताना नवा ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्रॅम) तिला विचारतच नाही, कारण पुढे येईलच. मग नास ईडी25519 ही नव्या प्रकारची की पुढे करतो, ती ओळखीची नाही. नासवर जाऊन कीचा फिंगरप्रिंट (छोटा ठसा) जुळवला, मगच नोंद घातली. कीस्कॅनचं (सर्व्हरची की आणून देणारा आदेश) आउटपुट डोळे झाकून चिकटवणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

खरा छळ पुढे. क्रेडेन्शियल (जेनकिन्समध्ये साठवलेली लॉगिनची की) पुन्हा भरा, प्लगइन बदला, हे सल्ले सगळीकडे मिळतात. पण की तीच, परवानग्या त्याच, मग बिघडलं काय? शेवटी जेनकिन्स यूजरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये लॉगलेव्हल डीबग3 टाकलं. चेकआउट पडला की एसएसएचची सगळी बडबड बिल्डच्या कन्सोलवर येते. त्या ढिगाऱ्यात एक ओळ: 'नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम'. अहाहा!

म्हणजे की ठणठणीत, सहीची पद्धत बाद. ओपनएसएसएच 8.8 पासून (2021) आरएसए कीची शा-1 (जुनी, कमकुवत हॅश पद्धत) सही डीफॉल्टनेच बंद आहे. डेबियन 11 मध्ये 8.4 होता म्हणून चालून जायचं. 12 मध्ये 9.2 आहे. नासवर 6.6, आणि आरएसएला शा-2 सह्या आल्या 7.2 मध्ये, 2016 साली. दोघांचं जुळणार कुठून? माझी स्वतःची की ईडी25519 आहे, म्हणून मला कधी अडलं नाही.

क्लायंटवर एसएसएच-आरएसए परत चालू करायची पळवाट आहे. मला ती पटत नाही. ईडी25519 तर 6.5 पासून आहे, म्हणजे म्हाताऱ्या नासलाही कळते. नवी की बनवली, क्रेडेन्शियलचा आयडी तोच ठेवला, एकाही पाइपलाइनला हात लावावा लागला नाही. हे फार सुखाचं!

आता गिटी (स्वतःच्या मशीनवर चालणारा गिट सर्व्हर) बसवायचा बेत रद्द, असं लिहिणार होतो. पण लिहितानाच सुचलं, की या कीला गिट-शेलपुरतं (फक्त गिटचे आदेश चालवणारं शेल) बांधून टाकावं. त्यासाठी सगळी बंधनं एकदम घालणारा 'रिस्ट्रिक्ट' पर्यायसुद्धा 7.2 चाच! 6.6 वर नो-पीटीवाय, नो-पोर्ट-फॉरवर्डिंग असं एकेक लिहीत बसायचं. आज ते करतो, पण ज्या नासचे अपडेटच बंद झालेत त्याच्यावर किती ठिगळं लावायची? गिटी वेगळ्या मिनी पीसीवरच टाकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला, 8 जीबीवाला कोणी अलीकडे घेतलाय का? भाव आणि पंख्याचा आवाज, दोन्ही कळवा.